कर्ज सारखं वाटायचं का?

भांडी घासता घासता ऐकत असाल तर नळ जरा बारीक करा, आज हिशोबाचं बोलायचंय.

आमचा दहा जणींचा बचत गट. दर महिन्याच्या पाच तारखेला बैठक, बचत 200 रुपये. गट बँकेशी जोडायचं काम नाबार्डनं 1992 साली 500 गटांपासून सुरू केलं, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होत्या.

आमचं पहिलं बँक कर्ज 1,50,000 रुपयांचं. वाटायला दहा मिनिटंही लागली नाहीत. प्रत्येकीला 15,000. कुणाचं तोंड वाकडं झालं नाही, चहा घेतला, घरी गेलो. चूक तिथंच झाली.

आमच्यातल्या एका ताईला मिरची कांडप यंत्र घ्यायचं होतं. यंत्र, मोटर, वीजजोडणी मिळून 45,000 हवे होते. मिळाले 15,000. ज्या चौघींना काहीच नको होतं, त्यांनाही तेवढेच मिळाले. एकीचे मुलाच्या मोबाईलला गेले, एकीच्या नवऱ्यानं मोटरसायकल दुरुस्त करून घेतली. ताईनं उरलेले 30,000 एका कंपनीकडून आठवड्याच्या हप्त्यावर उचलले. फेब्रुवारी ते मे तिच्या दारात मिरचीच्या पिशव्यांची रांग. पाऊस लागला की यंत्रावर पोतं. हप्त्याला पाऊस कळत नाही. जुलैपासून ती बैठकीला यायची बंद झाली. आम्ही तिच्या घरी गेलो, तर वसुलीलाच आल्या समजून ती मागच्या दारानं शेताकडं निघून गेली. आमच्याच गटातली बाई आम्हाला बघून पळाली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग तिची वही घेऊन बसलो. धंदा तोट्यात नव्हता. चार महिन्यांची कमाई बारा महिन्यांच्या हप्त्याला पुरवायची कशी, एवढाच प्रश्न होता.

एक गोष्ट आम्हाला तेव्हा नीट उमगली. बँक कर्ज देते गटाला. आत कुणाला किती, हे गट ठरवतो. ‘उमेद’च्या गटांना 10 लाखांपर्यंत तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. कुणी अडवलं तर हे विचारा. पण सारखं वाटा, असं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. ते आमचंच.

दुसऱ्या कर्जाच्या वेळी प्रत्येकीनं कशाला हवं ते उभं राहून सांगितलं. चौघींनी नको म्हटलं. ताईला 60,000 द्यायचं ठरलं, कंपनीचं उरलेलं फेडायला आणि पिठाची गिरणी घ्यायला. दळण पावसातही लागतंच. शिवाय पावसाळ्यात तिनं फक्त व्याज भरायचं, बँकेचा तिचा हप्ता गटाच्या बचतीतून जाईल, उन्हाळ्यात ती दुप्पट भरेल.

इथं आमच्या आक्का उठल्या. “माझी म्हैस भाकड असते, तेव्हा मला कुणी सूट दिली?”

खोलीत कुणी बोलेना. आक्कांचं बरोबरच होतं. तिनं बुडवलं तर सगळ्यांच्याच डोक्यावर येणार, ही भीतीही होती, आणि ती खोटी नव्हती. दोन बैठका वाद झाला. शेवटी नियम सगळ्यांनाच लावला: धंद्याचा मंदीचा काळ आधी लिहून द्यायचा, रोजची कमाई वहीत मांडायची, आणि वस्तूचं बिल बाईच्याच नावावर.

व्याज शेकडा दोन, पण राहिलेल्या रकमेवर. 10,000 घेतले, महिन्याला 1,000 मुद्दल फेडली, तर दहा महिन्यांत व्याज 1,100. पूर्ण रकमेवर लावलं असतं तर 2,000 झालं असतं. कुठूनही कर्ज घेताना हे आधी विचारा. गटातल्या गटात फिरणाऱ्या पैशाचं हे व्याज परत आपल्याच पेटीत येतं.

ताईनं गेल्या मे महिन्यात दुप्पट हप्ते भरले. दोनदा उशीर झाला, नाही असं नाही. गिरणी चालू आहे. उद्योगाची उद्यम नोंदणी फुकट होते, तीही तिनं करून घेतली. एकानं तिच्याकडं त्याचे 500 मागितले होते.

येत्या पाच तारखेला बैठक आहे. आक्कांची म्हैस सध्या भाकड आहे. तसं त्यांनी आधीच लिहून दिलंय, त्या फक्त व्याज भरणार आहेत.