ग्रह शोधता शोधता सापडलेले डाग

जर्मनीतल्या डेसाऊचे हाइनरिख श्वाबे पेशाने औषधविक्रेते. बुधाच्याही अलीकडे, सूर्याजवळ एखादा ग्रह दडलाय का, हे बघायला त्यांनी १८२६ पासून सूर्याकडे दुर्बीण रोखली. आभाळ निरभ्र असलं की, ग्रहाशी गल्लत होऊ नये म्हणून, सूर्यावरचे डाग मोजायचे, वहीत टिपायचे. ग्रह काही मिळाला नाही, नव्हताच तो! पण सतरा वर्षांच्या नोंदींतून कळलं, की डाग ठरावीक काळाने वाढतात आणि ओसरतात. श्वाबेंच्या हिशेबाने दहाएक वर्षं. आज आपण सरासरी ११ धरतो.

भिंगाच्या छोट्या दुर्बिणीतूनही हे डाग दिसतात. मात्र तिला डोळा लावायचा नाही, क्षणभरसुद्धा नाही. दृष्टी कायमची जाते. नेत्रिकेमागे दीड वीत अंतरावर पांढरा कागद धरा. बाजूच्या शोधक दुर्बिणीवर झाकण हवंच, आणि पोराटोरांना जवळ एकटं सोडू नका. कागदावर वाटीच्या तोंडाएवढा सूर्य उमटतो. त्यावर पेन्सिलीचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके, कडेला करडी झालर. आसपासच्या पृष्ठभागापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून काळे भासतात इतकंच. उद्या याच वेळी पुन्हा कागद धरा. तोच ठिपका थोडा सरकलेला दिसेल.