‘त्याला गुण आला’ म्हणजे नेमके काय?
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोला, असे समितीने आम्हाला सांगितले. आम्ही म्हणजे वस्तीतल्या आजारी माणसाला दवाखान्यात नेणारी, योजनेचे कागद लावून देणारी, औषधाची चिठ्ठी वाचून सांगणारी चार-सहा माणसे. आमच्यात डॉक्टर कोणी नाही. तेव्हा आज आम्ही औषध सांगणार नाही. औषध सांगणाऱ्याला काय विचारायचे, एवढेच सांगणार आहोत.

विषय जरा अवघड आहे. पुरुषमंडळी या विषयावर बोलत नाहीत आणि बायकांना विचारता येत नाही. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाबद्दल आम्ही बोलतो आहोत. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-साताऱ्याकडून आपली वडीलधारी माणसे पिंपरी, भोसरी, आकुर्डीच्या कारखान्यांत आली. पुढे मुले चाकणच्या कंपन्यांत लागली. ती पहिली पिढी आता निवृत्त होऊन घरी बसली आहे, आणि हा आजार मुख्यतः साठीच्या पुढचा आहे. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ही ग्रंथी असते. वयाने ती नुसतीही वाढते, आणि तसे असले तर तो कर्करोग नव्हे. पण लघवीला अडखळणे, रात्री चार-पाच वेळा उठणे, लघवीतून रक्त जाणे, कंबरेचे हाड सतत दुखणे, हे ‘वयाचे आहे’ म्हणून अंगावर काढू नये. आपल्याकडे बरेच रुग्ण दवाखान्यात पोचतात तेव्हा रोग हाडात गेलेला असतो.

आता मुद्द्याचे. निदान झाले की घरी दोन प्रकारची माणसे येतात. एक धीर द्यायला, दुसरी औषध सांगायला. पूर्वी जडीबुटी सांगत. आता मोबाईलवर निरोप येतो आणि त्यात इंग्रजी नाव असलेली खरीखुरी गोळी असते. कोणी जंताची गोळी सांगतो, मेबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन. कोणी तर कुत्र्यांच्या जंतांवरचे फेनबेंडाझोल सांगतो. कोणी मधुमेहाची मेटफॉर्मिन, कोणी ॲस्पिरिन, कोणी बुरशीवरचे इट्राकोनाझोल. आणि पुढे म्हणतो, “अमक्याला गुण आला. गोळी स्वस्त आहे म्हणून कंपन्या लपवून ठेवतात.”

ही कल्पना मुळातच वेडगळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराला लागू पडल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यातले एक याच रोगाचे आहे. केटोकोनाझोल हे बुरशीवरचे औषध. ते घेणाऱ्या काही पुरुषांची छाती सुजू लागली. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कळले की हे औषध शरीरातले पुरुषी हार्मोन कमी करते. प्रोस्टेटचा कर्करोग त्याच हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखवले होते आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. मग १९८० च्या दशकात केटोकोनाझोल मोठ्या मात्रेत या रुग्णांना देऊन बघितले. काहींना उपयोग झाला, पण यकृताला त्रास होई, आणि आयुष्य वाढते असे सिद्ध झाले नाही. म्हणून लंडनच्या संशोधकांनी तोच धागा धरून नेमके त्या कामाचे नवे औषध तयार केले, अबिराटेरोन. त्याची मोठी चाचणी झाली, आयुष्य वाढते हे दिसले, आणि २०११ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ते आपल्याकडेही मिळते.

आपल्या पिंपरीला बुरशीवरची औषधे नवी नाहीत. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली इथे निघाला तो पेनिसिलीनसाठी, आणि बुरशीवरचे हॅमायसीन इथेच शोधले गेले. कारखान्याच्याच नावावरून त्याला नाव मिळाले. औषध म्हणजे नुसती पावडर नव्हे, प्रत्येक बॅच तपासल्याशिवाय गेटबाहेर जात नाही, हे तिथल्या कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. चाकणच्या मुलांनाही ते ठाऊक आहे. नवा पार्ट कितीही चांगला दिसला तरी आधी सँपल, मग ट्रायल लॉट, मग मोजमाप, आणि त्यानंतरच लाइनवर. “मित्राच्या कंपनीत हा पार्ट चालला” एवढ्यावर कोणता सुपरवायझर सही करील? मग बापाच्या पोटात गोळी घालताना मात्र आपण मोजमाप का विसरतो?

औषधाची ट्रायल कशी होते ते सोपे आहे. सारख्याच स्थितीतले शेकडो रुग्ण घ्यायचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट करायचे. नेहमीचे उपचार दोघांना, नवी गोळी एकालाच. मग वर्षानुवर्षे मोजायचे. इंग्लंडमध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांवर ‘स्टॅम्पीड’ नावाची मोठी ट्रायल अशीच चालली. तिच्यात सांधेदुखीची सेलेकॉक्सिब गोळी तपासली आणि फायदा दिसला नाही. पुढे मेटफॉर्मिन तपासले, १,८७४ रुग्णांवर. निकाल २०२४ मध्ये सांगितला गेला. मेटफॉर्मिनवाल्यांतले निम्मे रुग्ण ६७.४ महिने जगले, दुसऱ्या गटातले निम्मे ६१.८ महिने. ऐकायला फरक वाटतो, पण एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, म्हणून आयुष्य वाढते असे सिद्ध झाले नाही. हार्मोनच्या उपचाराने वजन आणि साखर वाढते, ती मात्र कमी वाढली. जुलाबाचा त्रास जास्त झाला. म्हणजे ज्याला मधुमेह आहे त्याने आपली मेटफॉर्मिन चालू ठेवावी, पण कर्करोग हटेल म्हणून ती सुरू करू नये. ॲस्पिरिनचीही अशीच ट्रायल इंग्लंड, आयर्लंड आणि भारत मिळून हाती घेतली गेली, आणि चार कर्करोगांत प्रोस्टेटही आहे. मोजणारी माणसे स्वस्त गोळ्याही मोजतात. लपवून ठेवतात म्हणणे खरे नव्हे.

दूर कशाला, मुंबईचेच बघा. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात काढताना देतात ते बधिर करायचे लिडोकेन घेतले. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी ते गाठीभोवती टोचले. देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे सोळाशे बायांवर हे बघितले. २०२३ मध्ये छापलेला निकाल असा, की पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. जुने, स्वस्त औषध आणि नवा उपयोग. पण तिथे दहा-बारा वर्षे मोजणी चालली, म्हणून त्या आकड्याला किंमत आहे.

उलट उदाहरणही आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले. आपल्या वस्तीतही घरोघरी त्या पट्ट्या होत्या. बरे झालेले म्हणाले, गोळीने बरे झालो. पुढे ब्राझीलमध्ये तेराशेहून अधिक रुग्णांवर मोजले आणि २०२२ मध्ये कळले की रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्या गोळीने कमी होत नाही. बहुतेक लोक गोळी न घेताही बरे झाले असते.

प्रोस्टेटच्या बाबतीत हीच फसगत जास्त होते, आणि त्याची तीन कारणे आम्ही सांगतो. पहिले, हा रोग पुष्कळदा फार सावकाश वाढतो. इंग्लंडमध्ये लवकर निदान झालेल्या १,६४३ पुरुषांकडे पंधरा वर्षे लक्ष ठेवले. कोणाचे ऑपरेशन, कोणाला किरणोपचार, कोणावर नुसती देखरेख. तिन्ही गट मिळून या रोगाने सुमारे तीन टक्केच गेले. अशा माणसाने रोज चमचाभर साखर खाल्ली असती तरी ‘साखरेने वाचला’ म्हणता आले असते! दुसरे, पी.एस.ए. या रक्ततपासणीचा आकडा. टक्कल पडू नये म्हणून घेतात ती फिनास्टेराइड गोळी हा आकडा निम्म्यावर आणते. आकडा उतरला, म्हणून असलेला कर्करोग बरा झाला असे होत नाही. तिसरे, गोळी सांगणारा माणूस आपली इंजेक्शनेही घेत असतो आणि ती सांगायची विसरतो. कुत्र्याच्या जंतांचे औषध जगभर गाजले ते एका अमेरिकन माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगामुळे. तो माणूस त्याच वेळी कर्करोगावरच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्येही होता.

“पण घेऊन बघायला काय हरकत आहे?” असे विचारतात. हरकत आहे. जंताची गोळी एक-तीन दिवसांसाठी असते. ती महिनोन्महिने खाण्याची गोष्ट निराळी. फेनबेंडाझोल माणसासाठी मंजूरच नाही, आणि त्याने यकृत बिघडल्याची नोंद आहे. जास्त आयव्हरमेक्टिनने भोवळ येते, भ्रम होतो. ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड कमजोर असले तर मेटफॉर्मिन धोक्याचे. १९६० च्या दशकात अमेरिकेत या रोगावर एक स्त्री-हार्मोनची गोळी मोठ्या मात्रेत देत. कर्करोगाने मरणारे कमी झाले, पण हृदयविकाराने मरणारे वाढले. दुसरा गट होता म्हणूनच ते उघडकीस आले.

आणि सर्वांत मोठी हरकत ही, की नवी गोळी सुरू होते तेव्हा जुने उपचार हळूच बंद पडतात. इथे एक स्पष्ट बोलतो, आया-बहिणींनी माफ करावे. रोग पसरला की हार्मोन बंद करावे लागते. त्यासाठी दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन असते, नाहीतर अंडकोष काढण्याची एक छोटी शस्त्रक्रिया असते. ती एकदाच करायची, खर्चही कमी, आणि गुण इंजेक्शनाइतकाच. पण आपले पुरुष ती ऐकताच उठून घरी येतात. मर्दपणा जाईल, लोक काय म्हणतील. इंजेक्शनला पैसे नाहीत, शस्त्रक्रियेला मन नाही, मग जंताची गोळी बरी वाटते. ही लाज माणसाला मारते. दादांनो, काकांनो, नातवाला खांद्यावर घेणारा माणूस घरात असणे हे घराला हवे असते. लैंगिक इच्छा कमी होते, अंगातून वाफा येतात, हाडे ठिसूळ होतात, हे खरे आहे. ते डॉक्टरांना आणि पत्नीला मोकळेपणी सांगावे. त्यावर उपाय असतात.

पैशाचेही बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटावे. कामगार विम्याचे कार्ड चालू असेल तर ते काढून बघावे. औषध महाग पडत असेल तर गोळ्या चुकवत बसू नका, डॉक्टरांना तसे सांगा. अबिराटेरोन उपाशीपोटी हजार मिलिग्रॅम घेतात. जेवणासोबत अडीचशे घेतले तर चालेल का, हे ७२ रुग्णांवर तपासले आणि २०१८ मध्ये निकाल आला, की पी.एस.ए.वरचा परिणाम तेवढाच दिसतो. खर्च वाचवायचा हा मार्ग डॉक्टर देऊ शकतात. पण घरच्या घरी करू नका. जेवणासोबत पूर्ण मात्रा घेतली तर औषध कितीतरी पट जास्त रक्तात जाते.

ज्यांचे सगळे उपचार करून झाले आहेत, त्यांच्या घरच्यांना आम्ही उपदेश करणार नाही. बुडत्याने काडी धरावी, त्यात त्याचा दोष नाही. एवढेच म्हणतो, की अशी गोळी घ्यावीशी वाटली तर लपवू नका. पट्टी डॉक्टरांसमोर ठेवा. चालू असलेले काहीही बंद करू नका. आमच्यासारख्यांसाठी ट्रायल चालू आहे का, असे विचारा. देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, तिच्यात ते सापडते. ट्रायलमध्ये तपासायचे औषध फुकट असते, त्यामुळे इजा झाली तर भरपाईचा कायदा आहे. जो आधी पैसे मागतो आणि लेखी काही देत नाही, ती ट्रायल नव्हे. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणेच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा. आणि दुखणे सोसत बसू नका. हाडाच्या वेदनेला किरणोपचाराचा एक डोसही पुष्कळदा आराम देतो. पुण्यात वारज्याला सिप्लाचे वेदनाशामक सेवेचे केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांना मोफत सांभाळते.

तर मंडळी, कोणी गोळी सांगितली की तीन प्रश्न विचारा. किती जणांनी घेतली? न घेणाऱ्यांचे काय झाले? मोजले कोणी? तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले ते याहून वेगळे नाही. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, सांगणारा मोठा म्हणून मानू नका. तपासा आणि हिताचे असेल ते धरा. वंदना म्हणणाऱ्या आपल्या घरात औषधाच्या बाबतीतही ही सवय लागावी.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगावे. नाव कोठे जाणार नाही. कागद आम्ही बघू, दवाखान्यात सोबत येऊ.