रेल्वेच्या नाण्याचं मोल किती?

गेल्या महिन्याभरात आमच्याकडं तीन गटांकडून एकच प्रश्न आला, म्हणून आजचं बोलणं त्यावरच ठेवलं आहे. घरात दोन रुपयांचं एक नाणं सापडलं, त्यावर रेल्वेच्या दीडशे वर्षांची खूण आहे. मोबाईलवर सांगतात की हे नाणं लाखाला जातं. खरं का?

आधी उत्तर सांगतो. नाणं खरं आहे, लाख खोटे आहेत.

आता सविस्तर. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ओढायला वाफेची तीन इंजिनं. त्यांची नावं होती साहिब, सिंध आणि सुलतान. गाडी सुटताना एकवीस तोफा उडवल्या होत्या. अंतर म्हणाल तर चौतीस किलोमीटर, म्हणजे तासगावहून सांगलीला जाऊन निम्म्या वाटेनं परत यावं एवढंच. या गोष्टीला २००३ साली दीडशे वर्षं झाली, तेव्हा सरकारनं स्मारक नाणी काढली. एक दोन रुपयांचं, एक शंभर रुपयांचं.

या दोघांत फरक आहे. शंभराचं नाणं छंदवाल्यांसाठी. त्यात निम्मी चांदी असते, ते डबीत घालून विकतात आणि ते घेणारा शंभरापेक्षा जास्त पैसे मोजतो. असलं नाणं बाजारात कुणाच्या हाती सुट्ट्यात येत नाही. दोन रुपयांचं मात्र चलनासाठीच पाडलं. तुमच्या डब्यात सापडलं ते हेच. त्यात तांबं आणि निकेल आहे, चांदीचा कण नाही. नवंकोरं, एक ओरखडा नसलेलं असेल तर एखादा छंदवाला चार पैसे जास्त देईल. हाताळून गुळगुळीत झालं असेल तर ते दोन रुपयांचं आहे आणि दोन रुपयांना चालतं.

जुनं नाणं म्हटलं की आपले कान टवकारतात, त्याला कारण आहे. आपल्या आज्यांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असायची, ट्रंकेच्या तळाशी राणीछाप रुपये असायचे. तो रुपया बरोबर एक तोळ्याचा आणि जवळजवळ सगळी चांदीच. अडल्या वेळी सोनाराकडं नेला की पैसे मिळायचे. तिथं जुनेपणाला नव्हे, चांदीला किंमत होती. हे डोक्यात पक्कं राहिलं तर निम्मी फसवणूक तिथंच थांबते.

कारण फसवणूक होतेय, बायांनो, आणि आपल्याच गावात होतेय. एका गटातल्या ताईंनी आम्हाला सांगितलं, नाव नका घेऊ पण सगळ्या बायांना सांगा. त्यांनी एका व्हिडिओखालच्या नंबरवर नाण्याचा फोटो पाठवला. लगेच फोन आला. समोरचा माणूस गोड बोलणारा. तुमच्या नाण्याचे दोन लाख मंजूर झाले, फक्त नोंदणीचे पाचशे भरा. भरले. मग प्रमाणपत्राचे एक हजार. तेही भरले. मग कर भरा म्हणाला, चार हजार. तेव्हा त्यांच्या सुनेनं फोन काढून घेतला. गेलेले दीड हजार बेदाणा निवडायच्या मजुरीचे होते. दिवसभर मान मोडून, एकेक काडी वेचून मिळवलेले.

यात त्या ताईंचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. समोरच्यानं रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागद पाठवला होता. शिक्का बघून आपण विश्वास ठेवतो, तसंच आपल्याला शिकवलंय. म्हणून हे नीट ऐका. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, त्यासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तिच्या नावानं पैसे गोळा करायचा अधिकार तिनं कुणालाच दिलेला नाही. विकणाऱ्यालाच आधी पैसे भरायला लावणारा माणूस तुमचं नाणं घ्यायला आलेलाच नसतो. म्हैस विकताना आपण कधी गिऱ्हाइकाला पैसे देतो का? कुणाचे पैसे गेले असतील तर लाजू नका, १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.

आता उलटी तक्रार. काही ठिकाणी स्मारक नाणं दिलं की दुकानदार नाक मुरडतो, हे चालत नाही म्हणतो. दहाच्या नाण्याचं तर विचारूच नका. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की तोवर दहाच्या नाण्याचे चौदा वेगवेगळे छाप निघालेत आणि सगळे चालतात. चित्र बदललं म्हणून नाणं खोटं ठरत नाही. बंद झालीत ती पंचवीस पैसे आणि त्याखालची, ३० जून २०११ पासून. गटाच्या हिशेबात चिल्लर साठत असेल तर हेही माहीत असू द्या, की रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतची रक्कम कायद्यानं ग्राह्य आहे.

मग मुळात असली नाणी काढतात कशाला? आठवण राहावी म्हणून. पण आठवण कुणाची राहते, कधी राहते, हे बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये २००४ साली दोन पौंडाचं नाणं निघालं, रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या वाफेच्या इंजिनाचं. १८०४ साली वेल्समध्ये त्याच्या इंजिनानं रुळांवरून दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं ओढून दाखवली होती. रूळ वजनानं तडकले, पण इंजिन चाललं. हा माणूस १८३३ साली कफल्लक मेला. बरोबरच्या कामगारांनी वर्गणी काढून त्याला मूठमाती दिली. आता त्याचं इंजिन नाण्यावर आहे आणि नाण्याच्या कडेवर पुलाच्या कमानी कोरल्यात.

आपल्या भागातल्या रेल्वेच्या गोष्टी कुठल्या नाण्यावर आलेल्या आम्ही बघितल्या नाहीत. पण गोष्टी आहेत, आणि भारी आहेत.

मिरजेहून आरग, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव करत पंढरपूरला जाणारी बार्शी लाईट तुमच्यातल्या थोरल्या बायांना आठवत असेल. रूळ अडीच फुटांचा, आताच्या मोठ्या रुळाच्या निम्म्याहून कमी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही रेल्वे उभी केली. १८९७ साली आधी बार्शीपर्यंत, १९०६ साली पंढरपूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. आषाढीला या गाडीचं काय होत असेल ते सांगायला नको. विठ्ठलाला जाणाऱ्या किती आयाबायांनी आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास याच गाडीत केला असेल!

दुसरी गोष्ट शेणोलीची. ७ जून १९४३. पुण्याहून मिरजेकडं येणाऱ्या गाडीत इंग्रज सरकारच्या नोकरांचे पगार होते. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं ती गाडी अडवली आणि पैसा घेतला. शेणोलीला रुळाशेजारी त्याचं स्मारक आहे. त्या वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटीलही या लढ्यात होत्या. रेल्वेवरच्या हल्ल्यांत, डाक बंगले जाळण्यात त्यांचा हात होता. २०२१ साली त्या गेल्या. रेल्वेचा वारसा म्हटलं की इंजिनं आणि साहेब सांगतात. इंजिन अडवणारी माणसंही त्याच वारशातली, असं आम्हाला तरी वाटतं.

आणि चालवणारी? साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन नेली, आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. घाटातून गाडी उतरवणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक.

तर ते दोन रुपयांचं नाणं विकायला काढू नका, खर्चूही नका. पोरांच्या हातात द्या आणि वरच्या गोष्टी सांगा. पुढच्या महिन्यात आम्ही बार्शी लाईटच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणार आहोत. ज्यांच्या घरात त्या गाडीनं पंढरपूरला गेलेल्या आजी असतील त्यांनी गटाच्या अध्यक्षांकडं नाव द्या. आजींना इथवर येणं जमत नसेल तर यंत्र घेऊन आम्हीच घरी येऊ. तिकीट किती पडायचं, डब्यात जागा कशी धरायची, कोळशानं लुगडं काळं व्हायचं का, सगळं सांगायला लावा त्यांना.