माश्या मारीत बसण्यापेक्षा

रिकामटेकड्या माणसाविषयी बोलताना 'तो माश्या मारीत बसला आहे' असे मराठीत म्हणतात. हा वाक्प्रचार प्रथम ज्याने योजला, त्याला माशीचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. एक माशी मारावी तो दुसरी येते, दुसरी मारावी तो चार येतात. दिवस मावळतो, हात दुखतो आणि माश्या होत्या तितक्याच राहतात. घरात माश्यांचा सुळसुळाट झाला म्हणजे बहुतेक कुटुंबे नेमके हेच करीत बसतात. असे का होते आणि त्याऐवजी काय करावे, हे एका साध्या उदाहरणावरून पाहता येईल.

सुरत हे पार्सलांचे शहर आहे. तेथील रिंग रोडवरच्या कापडबाजारांतून साड्यांची गाठोडी सर्व देशभर जातात. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून कापडधंद्यातील कामासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांच्या घरीही आप्तांकडून पार्सले येतात. अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कोकणात दिलेल्या बहिणीने भावाकडे हापूसची चार डझनांची पेटी धाडली. पेटी शनिवारी आली. वरचे पिकलेले आंबे त्याच दिवशी फस्त झाले. उरलेले पेंढ्यासकट पेटीतच ठेवून ती पलंगाखाली सरकविण्यात आली. पुढल्या आठवड्याच्या मंगळवारी घरभर बारीक माश्या उडू लागल्या. पाठोपाठ मोठ्या माश्याही आल्या. धूप जाळला, फिनेल ओतले, औषधाचा फवारा मारला. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी वहिनीच्या तोंडून शब्द गेला, "वन्संनी आंब्यांबरोबर माश्याही धाडल्या!" पार्सल धाडणारीच्या मनात प्रेम होते, पोचले ते किल्मिष. तेव्हा माश्या खरोखर कोठून आल्या, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

पूर्वीच्या काळी विद्वानांचीही अशी समजूत होती की, कुजक्या पदार्थातून अळ्या आपोआप निपजतात. इटलीतील फ्रांचेस्को रेदी नावाच्या वैद्याने १६६८ मध्ये ही समजूत खोडून काढली. त्याने काही बरण्यांत मांस ठेवून त्या उघड्या सोडल्या आणि काहींच्या तोंडाला विरविरीत कापड बांधले. उघड्या बरण्यांतील मांसात अळ्या झाल्या. कापड बांधलेल्या बरण्यांतील मांस कुजले, परंतु त्यात अळी पडली नाही. माश्या त्या कापडावर बसून अंडी घालीत होत्या, आत जाऊ शकत नव्हत्या. माशी माशीपासूनच होते आणि तिला अंडी घालावयास ओली, कुजकी जागा लागते, एवढा बोध या प्रयोगातून मिळतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा बोध आजही स्वयंपाकघरात पुरेसा पडतो.

आता पेटीभोवतीची माशी कोणती, हे ओळखले पाहिजे. कारण सर्व माश्या एक नव्हेत. पिकल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारी, तांबूस डोळ्यांची, तिळाएवढी माशी म्हणजे चिलट. तिला आंबू लागलेला रस हवा असतो. फुटलेल्या आंब्याची साल, सरबताच्या बाटलीच्या तळाशी राहिलेला थेंब, टोपलीच्या बुडाशी सडलेला एखादा बटाटा किंवा ओले राहिलेले फरशी पुसायचे फडकेदेखील तिला पुरते. राखाडी रंगाची, पाठीवर चार काळे पट्टे असलेली ती घरमाशी. ती शेणात, विष्ठेत व ओल्या केरात अंडी घालते. हिरवट-निळी, मोठ्याने गुणगुणणारी माशी घरात वरचेवर दिसू लागली, तर फडताळामागे उंदीर मेला आहे काय, हे आधी पाहावे. मोरीच्या भिंतीला चिकटून बसणारी केसाळ पंखांची माशी मोरीच्या नळातील बुळबुळीत थरातच वाढते. यांपैकी कोणती माशी आहे हे कळले की, शोध कोठे करावयाचा हेही कळते.

आंब्याची अशी खास माशी आणखी एक आहे. तिला फळमाशी म्हणतात. तिची मादी झाडावरच्याच फळाच्या सालीला बारीक टोचा मारून आत अंडी घालते. वरून फळ निर्दोष दिसते; कापले म्हणजे गरात पांढऱ्या अळ्या आढळतात. वाढ पुरी झालेली अळी फळातून बाहेर पडते आणि मातीत शिरून कोष करते. पेटीत ती पेंढ्यात किंवा पुठ्ठ्याच्या घडीत दडते. ही माशी माणसाला चावत नाही, विष्ठेवरून अन्नावर येत नाही. परंतु तिने देशाच्या आंब्याला मोठा अपमान सोसावयास लावला आहे. भारतातून आलेल्या मालात ती सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात बंद केली. ज्या बागाईतदाराच्या फळात अळी नव्हती, त्याची पेटीही परत फिरली. मग माल धाडण्यापूर्वी गरम पाण्याच्या प्रक्रियेची व कडक तपासणीची व्यवस्था लावण्यात आली आणि २०१५ च्या आरंभी आंब्यावरील बंदी उठली. बागेत या माशीला आवरण्याची युक्तीही भारतातच हाती लागली होती. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या हॉलेट या कीटकशास्त्रज्ञाला १९१२ च्या सुमारास असे दिसून आले की, सिट्रोनेला गवताच्या तेलाकडे फळमाशीचे नर झुंडीने येतात. पुढे त्याने मिथिल युजेनॉल या आकर्षक द्रव्याचा छडा लावला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच तत्त्वावर काम करतो. गंधाने नर सापळ्यात ओढले जातात, माद्या फलित होत नाहीत, आणि फळावर औषध मारल्याविना पुढली पिढी आटत जाते.

आता त्या सुरतेच्या घराकडे वळावे. तेथील बारीक माश्या म्हणजे चिलटे, हे उघड आहे. उन्हाळ्यात चिलटाचे अंडे, अळी, कोष आणि माशी हा सारा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. घरमाशीलाही सुमारे तेवढेच दिवस लागतात. पेटी आली शनिवारी, माश्या उठल्या दहाव्या दिवशी. हा नुसता हिशेब मांडला तरी बहीण निर्दोष ठरते. एखाददुसरे अंडे वाटेत फुटलेल्या फळावर पडलेही असेल; परंतु त्यातून निघालेल्या अळीला दहा दिवस जेवू घातले, ते पलंगाखालच्या त्या अंधाऱ्या पेटीने. आंब्याची अढी घालणारी जुनी माणसे रोज सकाळी हात घालून फळे चाचपून पाहत, डागी फळ वेगळे काढीत. पार्सल घरपोच येऊ लागले, तशी ही चाचपणी मागे पडली.

चिलटे त्रासदायक असली तरी खरी भीती घरमाशीची. एक मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि आयुष्यात असे पाच-सहा वेळा करते. तिला दात नाहीत. घट्ट पदार्थ खावयाचा तर ती त्यावर आपली लाळ व पोटातील द्रव ओकते आणि विरघळलेला रस सोंडेने शोषून घेते. थोड्या वेळापूर्वी ती विष्ठेवर बसलेली असेल, तर पायांच्या केसांवरून व पोटातून रोगजंतू अन्नावर उतरतात. हगवण, विषमज्वर, पटकी हे रोग पसरविण्यात तिचा हात असतो. मोठे माणूस दोन दिवसांच्या अतिसारातून उठते. तान्ह्या मुलाच्या अंगातले पाणी मात्र काही तासांत आटू शकते. मूल मलूल दिसू लागले, त्याचे डोळे खोल गेले, तर घरचे उपाय करीत न बसता जलसंजीवनी पाजीत पाजीत दवाखाना गाठला पाहिजे.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, पेटी उजेडात आणून रिकामी करावी. प्रत्येक आंबा हातात घेऊन पाहावा. चांगले धुऊन पुसून एकेरी थरात मांडावेत, फुटलेले बाजूला काढावेत. पेंढा व पुठ्ठा त्याच दिवशी घराबाहेर जावा. जिन्याखाली किंवा गच्चीवर ठेवण्यात अर्थ नाही. अळ्या पडलेली फळे कुंडीत किंवा परसात टाकू नयेत, कारण माती हेच त्या अळीचे माहेर. ती फळे उकळत्या पाण्यात बुडवून मगच ओल्या केराच्या गाडीत द्यावीत.

दुसरी गोष्ट, घरातील ओल हुडकावी. केराच्या बादलीचा तळ, कांदे-बटाट्यांच्या टोपलीचे बूड, मोरीची जाळी, फडकी व पायपुसणी, हे सर्व घासून, कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. घरमाशीच्या अळ्या कोष करण्यासाठी ओल सोडून कोरड्या कडेला येतात. म्हणून बादलीखाली व चटईच्या कडेला तपकिरी दाण्यांसारखे कोष आढळतील, तेही झाडून केराबरोबर बाहेर घालवावेत.

तिसरी गोष्ट, धीर धरावा. साफसफाईनंतरही आठवडाभर थोड्या माश्या दिसतील, कारण नजरेतून सुटलेले कोष फुटत असतात. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि फवाऱ्याकडे हात जातो. या दिवसांत अन्न जाळीच्या कपाटात किंवा झाकणाखाली ठेवावे, खिडकीला जाळी लावावी आणि केर रोजच्या रोज बाहेर जाईल असे पाहावे. चिलटांसाठी वाटीत थोडा शिरका घेऊन त्यात साबणाच्या पाण्याचे थेंब टाकावेत. शिरक्याच्या वासाने चिलट येते आणि साबणामुळे पृष्ठभागावर न तरता बुडते. अंडी घालावयास दुसरी जागा उरली नसेल तरच या वाटीचा उपयोग, हे मात्र विसरू नये.

फवाऱ्याने उडती माशी मरते. अळी केरात सुरक्षित राहते, आणि विष मात्र ताटांवर, पाळण्यावर उतरते. शिवाय माशी विषाला फार लवकर सरावते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने माशीचा कायमचा निकाल लागला असे जगाला वाटले होते. परंतु १९४६ च्या सुमारासच स्वीडनमध्ये डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या आढळू लागल्या.

एका घराला जे लागू, ते शहरालाही लागू असते, आणि हे सुरतेइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिज्वराच्या प्लेगची बातमी आली आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने घबराट उडविली. तापीचा पूर नुकताच ओसरला होता. गाळ, कुजका केर व मेलेली जनावरे जागोजाग पडली होती. प्लेग माशीने होत नाही. तो उंदरावरील पिसवांमुळे पसरतो, आणि फुप्फुसाचा प्लेग रोग्याच्या खोकल्यातून. परंतु उंदीर आणि माशी या दोघांनाही पोसणारा उकिरडा एकच असतो. सुमारे पन्नास माणसे दगावली आणि लक्षावधी लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. रोग कोणी आणला यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. मे १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी मात्र केराकडे लक्ष वळविले. शहराचे सहा विभाग पाडून त्यांना अधिकार देण्यात आले, अधिकाऱ्यांनी रोज प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन पाहणी करण्याचा दंडक घातला गेला, रात्रीची झाडलोट सुरू झाली, आणि घाण करणाऱ्या उपाहारगृहांना दंड बसू लागला. १९९६ मध्ये 'इंटॅक' या संस्थेने सुरतेला चंदीगडखालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरविले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर तिला पहिला क्रमांक मिळाला.

या कामात चमत्कार कोठेच नव्हता. केर रोज उचलला जावा आणि तो उचलला गेला की नाही, हे कोणीतरी रोज जाऊन पाहावे, एवढेच होते. घरातही याहून निराळे काही करावयाचे नाही. पार्सल कोठून आले याची चौकशी जरूर करावी. परंतु ते आल्यावर घरात कोठे ठेवले, किती दिवस ठेवले आणि त्याकडे कोणी पाहिले, हे आधी विचारावे. आंब्याचा मोसम सरतो न सरतो तोच पाऊस येतो, आणि त्याबरोबर माश्याही. त्यापूर्वी घरातील पेट्या, टोपल्या व बादल्या एकदा उलट्या करून पाहण्यास अर्धा तास पुरतो.