मत विचारावे कसे?

(सभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यात मत विचारण्याची गोष्ट निघाली की 16 जानेवारी 1967 आठवतो. फूल की दोन पाने? विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते, विरुद्ध 1,72,191. चौतीस हजारांच्या फरकाने निकाल लागला. त्याची उजळणी करायला आम्ही उभे राहिलो नाही. पण त्या कौलात प्रश्न एक होता आणि उत्तरे दोन. घरात बोलणे कशात, पोथी कशात, मुलांची शाळा कशात, हे कोणी विचारले नाही.

त्याच दशकात एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सहा देशांत माणसांना तासन् तास बसवून प्रश्न विचारीत होता. त्याचे नाव अ‍ॅलेक्स इंकेल्स. आम्ही वाणिज्य शाखेचे, समाजशास्त्र आमचा विषय नव्हे. पण या गृहस्थाची कामाची रीत आपल्या उपयोगाची आहे, म्हणून बोलतो.

इंकेल्स 1920 साली ब्रुकलिनमध्ये जन्मला, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात. रशियन शिकला. 1950 साली त्याचे सोव्हिएत रशियातील लोकमतावर पुस्तक आले. तिथे जाऊन लोकांना विचारण्याची सोय नव्हती, म्हणून वर्तमानपत्रे, रेडिओ, पक्षाचे प्रचारक यांच्यावरून त्याने अभ्यास केला. पुढे हार्वर्डच्या प्रकल्पात युद्धानंतर पश्चिमेकडे राहिलेल्या सोव्हिएत निर्वासितांच्या मुलाखती झाल्या. ही माणसे राजवटीला विटलेली. तरीही त्यांच्यातले पुष्कळजण म्हणाले की सरकारी दवाखाने आणि शिक्षण चांगले होते, ते ठेवावे. शीतयुद्ध ऐन भरात होते, अमेरिकेत असे उत्तर कोणाला हवे होते? त्याने आणि रेमंड बाउअरने ते 1959 च्या पुस्तकात छापले. आम्हाला या माणसाबद्दल आदर वाटला तो इथे.

मग सहा देश: अर्जेंटिना, चिली, इस्रायल, नायजेरिया, त्या वेळचे पूर्व पाकिस्तान आणि आपला भारत. भारतातले काम रांचीकडे, तेव्हाच्या बिहारात. सुमारे 6 हजार तरुण. कोणी शेतकरी, कोणी कारखान्यात लागलेले. प्रश्न साधे होते. दोन मुलगे शेतात कमी वेळात तेवढेच पीक काढण्याची युक्ती शोधताहेत. एकाचा बाप म्हणतो छान, दुसऱ्याचा म्हणतो जुनी रीतच बरी. शहाणा कोण? अशा उत्तरांवरून प्रत्येकाला शून्य ते शंभर गुण. डेव्हिड स्मिथबरोबर लिहिलेले पुस्तक 1974 साली आले. निष्कर्ष असा की माणसाचा दृष्टिकोन बदलतो तो सर्वांत जास्त शाळेने आणि त्याखालोखाल कारखान्यासारख्या कामाने. नुसते शहरात राहून फारसे काही होत नाही.

भाषेची काळजी त्याने फार घेतली. प्रश्न स्थानिक भाषेत न्यायचा, मग दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत आणवायचा, आणि अर्थ सरकला का ते ताडून पाहायचे. आम्ही बँकेतले लोक रोजची रोकड जुळवतो तसेच हे! एक मात्र आम्हाला पटले नाही. विचारले ते फक्त पुरुषांना. घरातली भाषा आणि चालीरीती ज्यांच्या हाती, त्या बायकांना वगळून कुठल्या समाजाचे चित्र पुरे होईल?

आता आपले पाहा. 2011 च्या जनगणनेत गोव्यात मातृभाषा कोकणी सांगणारे सुमारे 66 टक्के, मराठी सांगणारे 11 टक्क्यांच्या आसपास. आकडा खोटा नाही. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने जिच्यात बोलवले ती. आपल्या कितीतरी घरांत आई कोकणीत बोलते, आरती मराठीत होते, जुने हिशेब नि पत्रे मराठीत आहेत, सकाळी पेपर मराठी येतो. हे त्या रकान्यात मावत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्यावर आपण अजून भांडतो, एक बाजू 66 म्हणते, दुसरी वाचकांकडे बोट दाखवते, आणि मोजून कोणीच पाहिलेले नाही.

म्हणून संस्थेने सर्वेक्षण करावे असा आमचा आग्रह आहे. केवळ सभासदांच्या घरी जाऊ नये. यादीतून चिठ्ठ्या टाकून घरे निवडावीत. ‘तुमचे मराठीवर प्रेम आहे का’ असले प्रश्न नकोत. त्याला नाही कोण म्हणेल? गेल्या महिन्यात मराठीत काय वाचले, काय लिहिले, मुलाला शाळेत काय घेऊन दिले, हे विचारावे. फॉर्म मराठीत आणि कोकणीत, दोन्ही. आजी, सून आणि नातू यांना वेगवेगळे बसवून विचारावे. कर्त्या पुरुषाने सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायचे नाही.

नातवाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही अशी धास्ती काहीजणांनी बोलून दाखवली. येऊ दे तसे उत्तर. आले तसे याच पत्रकात छापायचे, एवढे कार्यकारिणीने आधी कबूल करावे, मग काम सुरू करू. प्रश्नांचा मसुदा कार्यालयात ठेवला आहे. प्रत्येक तालुक्यातून दोघांनी, त्यात एक बाई असावी, नावे द्यावीत.