मुलींच्या चेहऱ्याशी आपण काय करतो?

(किशोरी गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘किशोरवयात त्वचेची काळजी’ असा विषय पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, “ताई, हा ब्यूटी पार्लरचा वर्ग आहे का?” प्रश्न रास्त आहे. घरातली मारहाण, शाळेतली गळती, कोवळ्या वयातली लग्नं हे सगळं समोर असताना मुरमांवर वेळ कशाला घालवायचा?

पण तुमच्या गटातल्या मुलींना एकदा नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न विचारायला सांगा. माझ्या गटात पाळीच्या खालोखाल चिठ्ठ्या येतात त्या चेहऱ्याबद्दलच्या. मुरूम कशाने जातील, डाग कशाने जातील आणि गोरं कसं व्हायचं. यातले पहिले दोन प्रश्न आरोग्याचे आहेत. तिसरा आरोग्याचा नाही, तो आपल्या समाजाचा आहे. पण मुली तिन्ही एका दमात विचारतात आणि बाजार तिन्हींवर एकच ट्यूब विकतो. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. माझ्या मुलीची परवानगी घेऊनच सांगते आहे.

२०१२ साली ती पंधरा वर्षांची होती. कपाळभर, गालभर मुरूम. रंग माझ्यासारखाच सावळा. तेव्हा मला चळवळीत येऊन दहा वर्षं झाली होती. ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर आम्ही चौकाचौकात पथनाट्यं केली होती. पण घरी पाहुणे आले की, “हिच्या चेहऱ्याचं काहीतरी करा गं, पुढे जड जाईल,” असं कुणीतरी म्हणायचंच. मुलगी फोटोत यायचं टाळायला लागली. शेवटी मी औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक ट्यूब काढून दिली. त्याने चिठ्ठी मागितली नाही आणि मी ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचलं नाही.

आठ दिवसांत मुरूम बसले, चेहरा उजळला. सगळे खूश झाले. खरं सांगते, मीही झाले. ट्यूब संपली की नवी आणायची, असं चार-पाच महिने चाललं. मग ती उन्हातून आली की चेहरा भाजल्यासारखा लाल व्हायला लागला. गालांवर बारीक लाल रेषा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली. क्रीम बंद केलं तर चार दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त पुटकुळ्या. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली, वाचली आणि म्हणाल्या, “यात स्टिरॉइड आहे.” चेहरा निवळायला दीड वर्ष लागलं. दहावीची परीक्षा तिने तोंडाला ओढणी बांधून दिली. एका रात्री तिने मला विचारलं, “आई, तुलाही मी काळी वाटत होते का?” मला उत्तर देता आलं नाही.

आता हे घडतं कसं ते समजून घेऊ. स्टिरॉइडचं मलम हे वाईट औषध नाही. इसबासारख्या आजारावर डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात. ते सूज आणि लाली दाबतं, रंगही फिकट करतं, म्हणून आठवड्यात ‘गुण’ दिसतो. पण चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ऊन सोसत नाही. थांबवलं की सगळं उसळून येतं, म्हणून मुलगी घाबरून पुन्हा तेच लावते. व्यसनासारखंच चक्र आहे हे. जिला अशी सवय लागली आहे, तिला “आजपासून फेकून दे” एवढंच सांगून मोकळ्या होऊ नका. तिच्याबरोबर त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक केले. तरीही ती हातोहात मिळतात, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून काही गोरेपणाच्या क्रीममध्ये तो चोरून घालतात. तो अंगात मुरतो आणि मूत्रपिंडावर जातो. २०२३ साली केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम लावणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, घटक लिहिलेले नाहीत, तर ती डबी घरात नको.

१९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द २०२० साली गेला. जगभर टीका झाली म्हणून गेला, हे चांगलंच झालं. पण आता दुकानात ‘गोरेपणा’ऐवजी ‘उजळपणा’, ‘चमक’ असे शब्द दिसतात. आणि मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून बारा वर्षांच्या मुली मोठ्या बायकांच्या सुरकुत्यांसाठी असलेली सीरम चेहऱ्याला लावतात, आग झाली की रडतात.

मग मुलींना सांगायचं काय? पहिली गोष्ट ही, की मुरूम येणं हा त्यांचा दोष नाही. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात, छिद्रं बुजतात, त्यात जंतू वाढतात आणि सूज येते. मुलग्यांनाही येतात. अस्वच्छतेमुळे येत नाहीत आणि मनात वाईट विचार आल्यामुळे तर मुळीच नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण हे ऐकवणाऱ्या आज्या अजून आहेत.

सवयी थोड्याच आणि स्वस्तातल्या आहेत. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुवायचं, घासायचं नाही. मुरूम फोडायचे नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर त्याचे डाग महिनोन् महिने राहतात. लिंबू, सोडा, टूथपेस्ट लावायची नाही, त्याने कातडी भाजते. डोक्याला तेल चोपडून झोपलं की ते कपाळावर उतरतं आणि तिथे पुटकुळ्या येतात, म्हणून तेल लावलं तर धुऊन टाकायचं. उन्हात जाताना छत्री किंवा सुती ओढणी. परवडत असेल तर सनस्क्रीन. उन्हापासून जपायचं ते डाग आणि दाह टाळायला. काळं पडू नये म्हणून नव्हे, हे स्पष्ट सांगा.

वसतिगृहातल्या मुलींना आणखी एक सांगा. टॉवेल आणि आतले कपडे एकमेकींचे वापरायचे नाहीत, ते उन्हात वाळवायचे. नायटा असाच पसरतो. आणि नायट्यावर स्टिरॉइडचं मिश्रण असलेलं मलम लावलं की खाज थांबते, पण नायटा आत पसरत राहतो.

मुरमांवर चांगली औषधं आहेत, पण त्यांना गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. जे आठ दिवसांत चेहरा बदलतं त्याच्याकडे संशयाने पाहायचं. मुरूम फार असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या गर्भाला अतिशय घातक आहेत. लग्न झालेल्या मुलीने हे डॉक्टरांना आधी सांगितलंच पाहिजे.

काही वेळा कातडी आतलं काही सांगत असते. मानेवर, काखेत जाडसर काळा पट्टा दिसला की आया दगडाने घासतात. तो मळ नसतो. बहुतेकदा शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असते. मुरमांबरोबर पाळी लांबत असेल, ओठांवर-हनुवटीवर केस येत असतील, तर तपासणी हवी. घासणीने ते जाणार नाही.

शेवटी, पुढच्या बैठकीत करता येईल असं काम सांगते. प्रत्येक मुलीला घरातली एक ट्यूब किंवा डबी आणायला सांगा. त्यावरची बारीक अक्षरं इंग्रजीत असतात; आठवी-नववीच्या मुलींना ती वाचता येतात. फळ्यावर चार नावं लिहा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, हायड्रोक्विनोन. इंग्रजी स्पेलिंगसह लिहा. यातलं नाव सापडलं, की ती ट्यूब डॉक्टरांनी कुणाला, कशासाठी, किती दिवसांसाठी दिली होती ते विचारायचं. आमच्या गटात पहिल्याच दिवशी एकोणीसपैकी सात ट्यूब अशा निघाल्या. त्यातल्या दोन मुलींच्या आयांनी आणलेल्या होत्या, अगदी माझ्यासारख्याच प्रेमापोटी.

म्हणून त्याच्या पुढची बैठक आयांची घ्या. तिथे मुरमांवर बोलू नका. मुलीच्या रंगाबद्दल घरात कोण काय बोलतं, आणि ते ऐकल्यावर आपण गप्प बसतो का, एवढंच विचारा. मी गप्प बसले होते आणि दुकानात गेले होते.

माझी मुलगी आता नोकरी करते. चेहऱ्यावर काही डाग राहिले आहेत. गटातल्या मुलींना ती ते दाखवते आणि ट्यूब वाचायला तीच शिकवते.