मातीखालची सापसुरळी



गेल्या पावसाळ्यात झाडांसाठी खड्डे खणताना आठवीच्या मुलांनी 'सापाचे पिल्लू' मारले व कंपासपेटीत घालून माझ्याकडे आणले. बोटाहून थोडे लांब, चकचकीत, अंगावर बारीक रेघा. मी म्हटले, "पाय मोजा." काडीसारखे इवलेसे चार पाय निघाले, प्रत्येकाला बोटेही चारच. मुले गप्प झाली.

ही सापसुरळीचीच एक जात. १८३९ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यांनी तिचे वर्णन केले. आज तिला रिओपा लिनिएटा म्हणतात. मऊ मातीत, पाचोळ्यात, दगडाखाली राहते, म्हणून क्वचितच दृष्टीस पडते. मातीत घुसताना पाय आड येतात, म्हणून ते आखूड. श्रीलंकेच्या जंगलातील नेसिया नावाच्या सापसुरळ्यांत तर काही जातींना पायच नाहीत! पण सापाला पापणी नसते, सापसुरळी डोळे मिटते. पकडली तर शेपूट टाकून पळते.

विष? मुळीच नाही. आपण हिला 'सापाची मावशी' म्हणतो आणि मावशीचा मान दगडाने करतो! उलट, हिच्याच कुळातली वाळवंटातली रेगमाही युनानी हकीम ताकदीसाठी देत आले. (ताकद येते की नाही, ते हकीमसाहेबच जाणोत.)

भोर-वेल्ह्यात (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, त्याचे पोट त्यावर आहे. पण डोंगरावरचे गवत गंमत म्हणून पेटवणारे कोणाचे पोट भरतात? पाचोळा जळाला की हिचे घर आणि हिचे किडे, दोन्ही जातात.

सूरह नम्लमधील मुंगीची हकीकत मुलांना पाठ आहे. एवढे मोठे बादशहा हजरत सुलेमान अलैहिस्सलाम, पण त्यांनी मुंगीचे बोलणे ऐकून घेतले. आपण तर पाय मोजण्याइतकेही थांबत नाही.

पालकांना एक विनंती. फुरसे, घोणस, मण्यार आपल्या भागात आहेत. खरोखर साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, तडक सरकारी दवाखाना गाठा.

ज्याने फावडे मारले होते त्याने नंतर विचारले, "सर, पुन्हा निघाली तर ओळखायची कशी?" मी म्हटले, "दोन पावले मागे हो. ओळख पटली नाही तर हात लावू नकोस, आणि फावडेही उचलू नकोस. ती आपणहून जाते."